वयस्कर माणसांसाठी कमी साखरेचं गोड: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमची आई ८१ वर्षांची. मधुमेहाची जुनी सोबत, वर पूर्ण कवळी, आणि जेवणानंतर ‘जरा काहीतरी गोड’ लागतंच. मी निवृत्त झालो तेव्हा बायकोची नोकरी चालू होती, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्या वाट्याला आलं. नव्या उत्साहात मी घरातली साखर बंद करून टाकली आणि सगळ्यात गूळ, मध, खजूर घालायला लागलो. आई खूश, मीही खूश. दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर जेवणानंतरची साखर आधीपेक्षा वर गेलेली. ‘पौष्टिक’ म्हणून खजुराचे लाडू दिवसाला दोन-दोन जात होते, दुसरं काय होणार?

त्यानंतर चुकत-माकत जे जमलं ते इथे क्रमाने लिहितो. मी डॉक्टर नाही आणि हा पथ्याचा तक्ता नाही. घरात मधुमेह असलेलं किंवा नुसतं वय झालेलं माणूस आहे, त्याला गोड तोडायचं नाही पण आटोक्यात आणायचं आहे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

आधी हाताशी काय हवं

- डिजिटल वजनकाटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. हा नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.
- ग्लुकोमीटर, पट्ट्या (मुदत संपलेल्या नकोत) आणि एक साधी वही.
- लहान वाट्या, ५०-६० ग्रॅम मावेल एवढ्या. देवापुढे नैवेद्याला असतात तशा.
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, डोस आणि वेळेसकट.
- अलीकडचे रिपोर्ट: उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी), क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंड कसं चाललंय ते कळतं), पोटॅशियम.
- मलमलचं फडकं, जाड बुडाचं पातेलं, जायफळाची किसणी. बाकी घरात असतंच.

१. डॉक्टरांना चार गोष्टी विचारून घ्या

रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी घेऊन जा आणि सरळ विचारा. एक, साखर किती असलेली चालेल? वय झालेल्या, अशक्त माणसाच्या बाबतीत डॉक्टर हे लक्ष्य बऱ्याचदा थोडं सैल ठेवतात, कारण साखर फार खाली जाणं त्यांना जास्त धोक्याचं असतं. चाळिशीतल्या शेजाऱ्याचा आकडा आईला लावू नका. दोन, यातल्या कोणत्या गोळीने किंवा इन्सुलिनने साखर एकदम उतरू शकते? गोड कमी केल्यावर डोस बदलावा लागेल का? तीन, मूत्रपिंड कसं आहे? पोटॅशियम सांभाळायचं असेल तर खजूर, केळं, अंजीर, नारळ, गूळ या सगळ्यांवर बंधन येतं, म्हणजे नेमकं जे आपण ‘पौष्टिक’ म्हणून देतो त्यावरच. चार, हृदयाच्या त्रासामुळे पाणी मोजून द्यायचं आहे का? तसं असेल तर खीर आणि बासुंदीही त्या पाण्याच्या हिशोबात धरायची.

आणि माणूस वाळत चाललं असेल, जेवण जात नसेल, तर पथ्याचा सोस आधी बाजूला ठेवा. तिथे गोड पदार्थ हा पोटात चार घास घालायचा मार्ग असतो.

२. साखर नेमकी जाते कुठे, ते मोजा

तीन दिवस काही बदलू नका, फक्त लिहा. मी लिहिलं तेव्हा कळलं की आमचा चोर गोडाच्या वाटीत नव्हताच, चहात होता. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर मावते. आईचा चमचा शिगेचा, काट्यावर ठेवला तर ७ ग्रॅम. दिवसाला तीन कप, म्हणजे २१ ग्रॅम, वर बिस्किटं वेगळी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. वयस्कर माणूस खातं कमी, त्यामुळे त्याच्या वाट्याला त्याहूनही कमी. म्हणजे आईची दिवसाची साखर चहातच संपत होती.

म्हणून गोडाचे प्रयोग नंतर, आधी चहा. एका झटक्यात बिनसाखरेचा चहा पुढे ठेवू नका, कप तसाच परत येईल. शिगेच्या चमच्याचा सपाट चमचा करा, दहा-बारा दिवसांनी पाऊण, मग अर्धा. आलं किंवा गवती चहा थोडा वाढवा. आई आता अर्ध्या चमच्यावर आहे. त्याखाली यायला तयार नाही, आणि मीही मागे लागत नाही. वाचलेली साखर दुपारच्या वाटीला वापरायची, असा आमचा तह आहे.

३. गूळ, मध आणि खजुराचा भ्रम सोडा

‘गुळाने काही होत नाही’ हे वाक्य आमच्या सांगली-कोल्हापूरकडे जवळजवळ धर्मवचन आहे. गूळ चवीला छान आहे, पुरणाला त्याच्याशिवाय गत नाही, पण उत्तम कोल्हापुरी ढेप घेतली तरी तिचा बहुतेक भाग साखरच असतो. रक्तात गेल्यावर तिला रंग नसतो. मधातही पाचातले चार भाग साखर. १०० ग्रॅम खजुरात साधारण ६५ ग्रॅम. खजुरात तंतू आहेत हे खरं, म्हणून एखादा खजूर बारीक चिरून खिरीत घालणं वेगळं आणि दहा खजुरांचा गोळा वळून त्याला ‘शुगर फ्री लाडू’ म्हणणं वेगळं.

नाचणीसत्त्वाचंही तेच. नाचणीत कॅल्शियम भरपूर, हे बरोबर. पण सत्त्व करताना कोंडा गाळून जातो आणि राहतो तो मुख्यतः स्टार्च. पातळ शिजवला की भराभर पचतो. नाचणी द्यायची तर अख्ख्या पिठाची द्या. साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको, त्यात स्टार्चशिवाय फारसं काही नाही.

थोडक्यात, कशाच्या जागी काय घालायचं हा प्रश्नच चुकीचा आहे. किती घालायचं आणि किती वाढायचं, एवढेच दोन प्रश्न.

४. साखर उतरवताना वास चढवा

वय वाढलं की वास आणि चव दोन्ही मंदावतात, काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. ‘गोडच नाही लागत’ अशी तक्रार येते तेव्हा दर वेळी साखर कमी असते असं नाही. वेलची, जायफळ, केशर, दालचिनी, नारळाच्या पदार्थात किंचित मीठ, यांनी गोडपणाचा भास वाढतो. मात्र वेलचीची पूड करून महिनाभर डबीत ठेवलेली नको. दोन वेलदोडे आयत्या वेळी कुटा. जायफळ किसणीवर दोनदा फिरवलं की पुरे, जास्त झालं तर कडवट होतं.

दुसरी गोष्ट तापमानाची. तोच पदार्थ कोमट असताना जास्त गोड लागतो, गार झाला की कमी. आइस्क्रीममध्ये म्हणूनच इतकी साखर ओतलेली असते. खीर, हलवा कोमट वाढा, तेवढ्यानेच एखादा चमचा साखर वाचते.

मूळ कृतीतली साखर पहिल्या वेळी पाव भाग कमी करा, कुणाला सांगू नका. पुढच्या खेपेला आणखी थोडी.

५. सुरुवात श्रीखंडाने करा

नवशिक्याला हे सगळ्यात सोपं, आणि म्हाताऱ्या माणसाला चावावं लागत नाही, प्रथिनंही मिळतात. घरच्या पद्धतीत चक्का तेवढीच साखर असते. म्हणजे ६० ग्रॅमच्या वाटीत ३० ग्रॅम साखर.

एवढी साखर लागते ती मुख्यतः आंबटपणा झाकायला. म्हणून आंबटपणाच येऊ द्यायचा नाही. ताजं, नुकतं लागलेलं दही घ्या आणि फडक्यात बांधून ओट्यावरच्या नळाला टांगण्याऐवजी चाळणीत ठेवून, खाली भांडं देऊन फ्रिजमध्ये रात्रभर निथळू द्या. उन्हाळ्यात बाहेर टांगलेला चक्का सकाळपर्यंत असा आंबट होतो की मग साखरेशिवाय इलाज राहत नाही.

४०० ग्रॅम चक्क्याला ४० ग्रॅम पिठीसाखर घ्या. चमचाभर कोमट दुधात केशर भिजवा, वेलची आणि जायफळ घाला, पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. आता ६० ग्रॅमच्या वाटीत वरची साखर साडेपाच ग्रॅमच्या आसपास येते. पहिल्या दिवशी फिकं वाटेल. एक रात्र मुरलं की केशर चढतं आणि चव बसते. आईने पहिल्यांदा चाखून विचारलं होतं, “साखर घालायची राहिली का रे?” तेव्हा मी ६० ग्रॅम साखरेवर गेलो आणि महिन्या-दीड महिन्यात परत ४० वर आलो. तुम्हालाही तसंच करावं लागेल.

मे महिन्यात यातच आंब्याचा रस घालून आम्रखंड करता येतं, पण मग साखर अजून कमी करा. १०० ग्रॅम आंब्यात स्वतःचीच १४-१५ ग्रॅम साखर असते. नुसता आमरस द्यायचा तर अर्धी वाटी, वरून साखर नाही, आणि त्या जेवणात एक पोळी कमी. श्रीखंडाच्या दिवशी पुऱ्यांचाही हाच हिशोब. वाटीतली साखर मोजून ताटात पाच पुऱ्या वाढल्या तर सगळं मुसळ केरात.

६. दुधी, गाजर आणि आटवलेलं दूध

दुधी हलवा खवा न घालता करा. अर्धा किलो दुधी किसण्याआधी एक चकती तोंडात घालून बघा. कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही. कडू दुधीने जिवावर बेतल्याच्या घटना आहेत. म्हाताऱ्या माणसाला कडू कळेलच याचा भरवसा नाही, म्हणून तुम्हीच चाखा.

कीस हलकेच पिळून चमचाभर तुपात परता, अर्धा लिटर दूध घालून मंद आचेवर आटवा. साखर ३० ग्रॅम, अगदी शेवटी. ती घातल्यावर पाणी सुटतं, ते आटलं की उतरवा. सहा छोट्या वाट्या होतात. गाजराला स्वतःची गोडी असते, तिथे २० ग्रॅमही पुरते.

बासुंदीबद्दल एक सावधगिरी. ‘मी साखर घातलीच नाही’ म्हणून मोठी वाटी देऊ नका. लिटरभर दुधात साधारण ४५ ते ५० ग्रॅम दुधातलीच साखर असते. ते आटवून ४०० मिलिलिटर केलं तर १०० मिलिलिटरमध्ये ती १२ ग्रॅमच्या आसपास जाते. चवीला ती फार गोड लागत नाही, म्हणून लक्षात येत नाही, एवढंच.

आणि दुधाच्या पदार्थात गूळ घालायचा असेल तर पातेलं उतरवून कोमट होऊ द्या, मगच घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. माझ्या दोन खिरी अशा गेल्या.

रोजच्यासाठी मात्र इतका खटाटोप नको. सफरचंदाच्या किंवा पेरच्या फोडी थोड्या पाण्यात दालचिनीचा तुकडा टाकून मऊ शिजवा, वर दोन चमचे घट्ट दही. आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस हेच असतं.

७. पुरणपोळी: हात बसायला वेळ लागतो

पुरणाला परंपरेने डाळ तेवढाच गूळ. मी २०० ग्रॅम हरभरा डाळीला ८० ग्रॅम गुळावर आलो आहे, आणि त्यातून दहा लहान पोळ्या करतो. पोळीमागे ८ ग्रॅम गूळ.

अडचण गोडीची नाही, पोताची आहे. गूळ वितळून पुरणाला ओल आणि चकाकी देतो. गूळ कमी म्हणजे ओल कमी. उलथनं उभं राहिलं की पुरण झालं, ही आईची खूण. कमी गुळात उलथनं फार लवकर उभं राहतं. मी पहिल्या होळीला जुन्या खुणेवर आणखी दोन मिनिटं थांबलो. गार झाल्यावर पुरणाचा भुगा झाला आणि लाटताना प्रत्येक पोळी कडेने फाटली. आई खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, “कोरडं झालंय, दुधाचा हात लाव.” खरोखर दोन चमचे कोमट दूध आणि चमचाभर तूप मळून लावलं तसं पुरण गोळा धरायला लागलं.

तेव्हा हे लक्षात ठेवा: डाळ बोटाने चेपली की पीठ व्हावी इतकी मऊ शिजवा, कट निथळताना अगदी कोरडी करू नका. गूळ घालून, उलथनं थोडंसं झुकतंय तोवरच उतरवा आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. सुंठ आणि जायफळ सढळ हाताने. कणीक नेहमीपेक्षा सैल हवी. काढलेल्या कटाची आमटी होतेच, आणि आमच्याकडे खरी मागणी तिलाच असते.

मोदकाचं सारण त्या मानाने सोपं. ओला नारळ मुळात गोडसर असतो, तिथे नेहमीच्या निम्मा गूळ सहज खपतो.

८. दात आणि गिळणं विसरू नका

तीळ, खसखस, अंजिराच्या बिया कवळीखाली जाऊन बसतात आणि हिरडी सोलवटते. चिक्की तर विचारातही घेऊ नका. संक्रांतीला मी तीळ भाजून, बारीक कुटून मऊ वडी करतो.

खाताना ठसका लागत असेल तर ते गांभीर्याने घ्या, डॉक्टरांना सांगा. कोरडा, भुगा होणारा रव्याचा लाडू अशा माणसाला घातक. पातळ दुधात तरंगणारा साबुदाणा किंवा शेवया हेही अवघड, कारण तोंडात पातळ आणि घट्ट असं दोन्ही एकदम सांभाळावं लागतं. एकजीव, चमच्यावर टिकेल असं गोड द्या. ताठ बसवून, लहान चमच्याने, टीव्ही बंद करून.

९. गोड गोळ्या, पावडरी आणि डब्यावरची अक्षरं

कृत्रिम गोडी मी टाळत नाही आणि तिच्या जिवावर स्वयंपाकही करत नाही. वापरणार असाल तर डब्यावर घटक वाचा. अस्पार्टेम उकळत्या पदार्थात टिकत नाही, त्याची गोडी उडते. ते गार किंवा कोमट पदार्थात, शेवटी. सुक्रालोज आणि स्टेव्हिया खिरीत चालतात, पण स्टेव्हिया जास्त पडलं की मागून ज्येष्ठमधासारखी कडवट चव येते. लाडू-वडीत मात्र या पावडरींना साखरेचं अंग नसतं, पदार्थ आळत नाही.

बाजारातल्या मिठाईवर ‘साखर घातलेली नाही’ आणि ‘शुगर फ्री’ या दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. आपल्याकडच्या नियमाने ‘शुगर फ्री’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही. ‘घातलेली नाही’ म्हणताना खव्याची, सुक्या मेव्याची स्वतःची साखर असतेच. मागच्या तक्त्यातली कार्बोहायड्रेटची ओळ बघा, पुढच्या बाजूचं हिरवं पान बघू नका. माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल लिहिलेलं असेल तर दोन तुकड्यांवर पोट फुगतं, जुलाबही होतात.

१०. खरी साखर घरात ठेवाच

हा टप्पा गाळू नका. एका सकाळी आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध. गोळी घेतली होती, नाश्ता अर्धाच झाला होता. नातवाने धावत जाऊन सरबत करून आणलं, आणि मी आणून ठेवलेल्या बिनसाखरेच्या पावडरीचं आणलं. मशीनवर आकडा ५८. गोड लागलं म्हणजे साखर गेली, असं त्या पोराला वाटलं. त्याचा काय दोष? साखरेचा डबा मीच माळ्यावर टाकला होता.

७० च्या खाली आकडा गेला, माणूस शुद्धीत आहे आणि गिळू शकतंय, तर तीन सपाट चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज अर्ध्या पेल्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. पेढा, बर्फी, चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धपणामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. गोळ्यांच्या यादीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर वेळेवर कामी येत नाही, कारण तिचं पचन ती गोळीच लांबवते. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. आमच्याकडे आता फ्रिजवर लाल झाकणाची बरणी आहे, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि ती कुठे आहे हे कामाच्या मावशींनाही माहीत आहे.

११. वाढा, तपासा, लिहा

नवीन पदार्थ पहिल्यांदा दिला की जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा. तेच जेवण दुसऱ्या दिवशी गोडाशिवाय देऊन पुन्हा तपासा. फरक वहीत लिहा. कुणाला श्रीखंड पचतं, कुणाला तेवढ्याच साखरेची खीर चढते. हे वहीच सांगते. गोड जेवणाबरोबरच द्या, चार वाजता रिकाम्या पोटी नको.

दिवाळीत आणि लग्नसराईत घरी पेढ्यांचे बॉक्स येतात, त्यांना ‘नको’ म्हणता येत नाही. बॉक्स आला की एक पेढा काढून त्याचे चार तुकडे करा. एक तुकडा देवापुढे ठेवून आईच्या हातावर द्या, प्रसाद म्हणून. बाकीचा बॉक्स त्याच संध्याकाळी वॉचमनकडे, कामाच्या मावशींकडे किंवा शेजारच्या पोरांकडे गेला पाहिजे. फ्रिजमध्ये ठेवू नका. रात्री दोन वाजता फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज मी ऐकलेला आहे.